बार्टली हॅनरॅटी यादीत नाही

डेलिया मावशीला मरणाची भीती नव्हती. पलीकडे गेल्यावर दारात कोण उभं असेल, याची मात्र तिला फार धास्ती होती.

"सगळी भेटतील गं," ती भाचीला, नोरीनला म्हणाली. "आई भेटेल, आजी भेटेल. तुझी आई तर आल्या आल्या माझ्या केसांना नावं ठेवेल. पण तो बार्टली पुढ्यात आला तर? माझा सख्खा पणजोबा. त्र्याण्णव वर्षांत त्याच्यासाठी मी एकदाही 'नमो मारिया' म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"तोंड त्याने लपवायचं. तू का?" नोरीन चहात दूध ओतत म्हणाली. "पळून तो गेला होता."

"गेला होता का? हेच तर मला पक्कं कळायला हवंय."

ऑक्टोबर सरत आला की ट्रॉय गावात टेकडीवरच्या सेंट ब्रेंडन चर्चमधून घरोघरी एक पांढरं पाकीट येतं. आपल्या घरातल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहायची, टेबलाशी बसून ती मोठ्याने वाचायची आणि कागद पाकिटात घालून चर्चमध्ये द्यायचा. मग नोव्हेंबरभर ते पाकीट वेदीवर राहतं, रोजची मिस्सा त्या नावांसाठी होते. मेलेलं माणूस स्वर्गाच्या वाटेवरच्या मधल्या मुक्कामावर कुठे अडकलं असेल, तर तेवढंच पुढे सरकतं. ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो बसतो तिथेच. डेलिया मावशीचा यावर गाढ विश्वास. नोरीनचा किती, ते तिचं तिला ठाऊक, पण पाकीट तिनेही कधी चुकवलं नव्हतं.

मावशीच्या घरची यादी तिच्या आजीने, सबिनाने सुरू केली. तिच्यामागे ती मावशीच्या आईकडे आली आणि आई गेली तेव्हा, एकोणीसशे एकाहत्तर साली, मावशीकडे. मावशीने चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्याच्या कचेरीत टाइपिस्टचं काम केलेलं. एका पानावर एक चूक सापडली तर अख्खं पान फाडून पुन्हा करणारी बाई. यादी हातात येताच तिने ती स्वच्छ टाइप केली, आणि त्याचा तिला अजून अभिमान होता. "आजीच्या कागदावर नुसता गोंधळ! शाई सांडलेली, नावं पुढेमागे, चुका. सगळं मी निस्तरलं," असं ती दरवर्षी एकदा तरी सांगायची.

त्या यादीत झाडून सगळे होते. तान्हेपणी गेलेली मुलं होती, कालव्यात बुडालेला एक चुलत भाऊ होता. रक्ताचं कुठलंच नातं नसलेला ल्यूक देवानी होता. हा चाळीस वर्षं घरात भाडेकरू म्हणून राहिला, शेगड्यांच्या कारखान्यात बीड ओतायचा, आणि हॅनरॅटींच्या पोरांना त्याने खांद्यावर खेळवलं. सगळे त्याला ल्यूक काका म्हणत.

नव्हता तो फक्त बार्टली हॅनरॅटी. आयरिश मुलखातल्या मेयोहून बायकोला, विनीला घेऊन जहाजाने आला, चार मुलं झाली, इथे यादवी युद्ध पेटलं तेव्हा पलटणीत भरती झाला, आणि अठराशे त्रेसष्ट साली पलटणही सोडली आणि बायकोपोरंही. कुणी म्हणे कॅलिफोर्नियाला गेला, कुणी म्हणे दुसरी बाई केली. विनीने लोकांच्या कॉलरी इस्त्री करून करून घर ओढलं. सबिना तर बाप गेल्यावर जन्मलेली, पाचवी, शेंडेफळ. बापाचं तोंडही तिने पाहिलं नाही, असं सगळे सांगत. आणि मरताना याच सबिनाने सोळा वर्षांच्या डेलियाचा हात धरून वदवून घेतलं होतं, की बार्टलीचं नाव यादीत कधी लिहायचं नाही.

"डॉक्टर म्हणतो, पुढच्या ऑक्टोबरची गोष्ट नको," मावशी म्हणाली. "म्हणजे ही यादी माझी शेवटची. तो खरोखर बेइमान असेल तर मी दिलेला शब्द पाळते आणि गप मरते. नसेल, तर नाव लिहिते आणि आजीशी काय भांडायचं ते वर जाऊन भांडते. पण तू शोध. तू एकतीस वर्षं हेच केलंस ना?"

नोरीनने एकतीस वर्षं बस कंपनीत हरवलेल्या सामानाच्या खिडकीत काढली होती. "बॅगा शोधल्या मी मावशी, माणसं नाही."

"बॅगेला तोंड नसतं तरी तू मालक शोधायचीस. याला तर नाव आहे."

तर असं हे सुरू झालं.

सैन्याची कागदपत्रं वॉशिंग्टनहून टपालाने आली, बारा पानांच्या नकला. नोरीनने ती मावशीच्या टेबलावर मांडली आणि चष्मा लावून वाचायला बसली. अँटिएटमच्या लढाईत, सप्टेंबर अठराशे बासष्टमध्ये, बार्टली जखमी झाला होता. इस्पितळाच्या कागदावर होतं: डाव्या हाताची दोन बोटं कापली. मग तीस दिवसांची रजा. मग एकच शब्द, फरारी. आणि शेवटी एका सार्जंटचा अहवाल, फेब्रुवारी त्रेसष्टचा. तो नोरीनने मोठ्याने वाचला.

"सदर इसमाच्या घरी समक्ष गेलो. नवऱ्याचं नाव काढताच बायकोने भर रस्त्यात, सर्व शेजाऱ्यांदेखत, त्याला शिव्याशाप दिले. म्हणाली, या घरात त्याचं नाव पुन्हा कुणी घेणार नाही आणि मेल्यावर चर्चमध्येही कुणी वाचणार नाही. घरात चार मुलं व एक भाडेकरू, ल्यूक देवानी. हा टेबलाशी बसून बटाटे खात होता. फरारी इसमास ओळखत नाही म्हणाला. बाईचा संताप पाहता ती खरं बोलत आहे अशी खात्री पटली."

मावशीने ते पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"म्हणजे शपथ तिथून आली तर," ती म्हणाली. "बिचारी विनी. पोरांसमोर."

"झालं तर मग. सरकारी शिक्क्यानिशी पळपुटा निघाला."

"सैन्याचा कागद सैन्याच्या बाजूनेच बोलणार," मावशी फणकारली. "चर्चचं काय म्हणणं आहे ते बघ. आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद बघ. बापाचं नाव फादरने कसं लिहिलंय, परागंदा लिहिलंय की मेलेला, की सोडूनच दिलंय. फादर लोकांना सगळं ठाऊक असायचं."

जुन्या चर्चवह्या ऑल्बनीला, धर्मप्रांताच्या कचेरीच्या तळघरात होत्या. तिथे सिस्टर पेर्पेतुआ नावाची एक ठेंगणी नन बसायची. तिच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असायची आणि जिभेवर काटे. नोरीन तिथे तिसऱ्यांदा गेली तेव्हा धुकं होतं. नदी दिसत नव्हती, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि तळघराच्या उंच खिडकीतून नुसता पांढरा उजेड आत झिरपत होता. अशा दिवशी आपण नेमक्या कुठल्या सालात बसलोय, हेही माणसाला धड सांगता येत नाही.

"पुन्हा त्रेसष्ट?" सिस्टर म्हणाली. "बाई, दोनदा बघितलंत. ती वही काय तुम्ही घरी गेल्यावर नव्या नोंदी घालते?"

"तिच्या थडग्यावर त्रेसष्टच कोरलंय, सिस्टर."

"अस्सं! थडग्यावर!" सिस्टरने गोळी या गालातून त्या गालात सारली. "तुम्ही आयरिश ना? मीही. माझ्या आजीचं वय दर दहा वर्षांच्या खानेसुमारीला सहाच वर्षांनी वाढायचं, मेली तेव्हा आजोबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होती. आपल्या लोकांनी सांगितलेलं वय खरं धरून वह्या चाळायला बसलात? कमाल आहे तुमची. चौसष्ट घ्या, पासष्ट घ्या, पुढे चला."

नोरीन पुढे चालली. वह्यांची पानं फिल्मवर उतरवलेली होती; यंत्रात ती फिल्म सरकत होती, राखाडी पानं एकामागून एक तरंगत येत होती आणि जात होती. लॅटिनमधली नावं, आईबाप, साक्षीला उभे राहिलेले. एकेका ओळीत एकेक तान्हं मूल, आणि फादरचं तिरपं, घाईचं अक्षर. बघता बघता तिला ती सगळी पोरं एका लांब रांगेत पांढऱ्या दुपट्यांत रडताना ऐकू यायला लागली. चौसष्ट गेलं. पासष्ट गेलं. सहासष्टच्या मे महिन्यात ती थबकली.

सबिना. बार्थोलोम्यू हॅनरॅटी आणि विनिफ्रेड, म्हणजे बार्टली आणि विनीच, यांची औरस कन्या. वय आठ दिवस.

"सिस्टर," ती हलकेच म्हणाली, "बाप पळून गेल्यावर तीन वर्षांनी?"

सिस्टर उठून आली, चष्मा कपाळावर चढवून तिने पडद्याला नाक लावलं. "औरस लिहिलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजातली सगळी थट्टा गेली होती. "आणि बापाचं नाव लिहिताना फादरचा हात जराही अडखळलेला नाही. माणूस समोर उभा असल्याशिवाय असं लिहीत नाहीत, बाई."

परतीची बस नदीकाठाने निघाली. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. नोरीनने मांडीवर सैन्याची पानं काढली खरी, पण डोळे जड झाले, आणि त्या अर्धवट गुंगीत तिला ते स्वयंपाकघर दिसायला लागलं. शेगडीवर इस्त्र्या तापत ठेवलेल्या. पांढऱ्या कॉलरींचा ढीग. ओलसर खळीचा वास. दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली विनी, तोंडाचा पट्टा सुरू, आणि समोर बिचारा सार्जंट टोपी हातात घेऊन उभा. शेजारणी खिडक्यांतून लोंबकळतायत. आणि आत टेबलाशी पाठमोरा एक माणूस बटाटे सोलून खातोय. सावकाश. एका हाताने. डावा हात खिशात.

एका हाताने?

नोरीन दचकून जागी झाली. अहवालात हाताचं काही नव्हतं, तो तिने स्वप्नात घातला होता. तरी तिने पानं उलटली. बार्टलीच्या तुकडीच्या हजेरीपटाचं एक पान होतं. आजवर तिने त्यातली हॅनरॅटीची ओळ तेवढी वाचली होती. आता ती वरून एकेक नाव वाचत गेली. चार नावं वर, त्याच अक्षरात, लिहिलेलं होतं: ल्यूक देवानी. अँटिएटम येथे ठार. तिथेच पुरला.

बासष्ट साली ठार झालेला माणूस त्रेसष्ट साली विनीच्या टेबलाशी बटाटे खात होता. आणि पुढे चाळीस वर्षं खात राहिला.

नोरीनला आधी हसूच फुटलं, इतकं, की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. मग तिला रडू आलं. अहो, अख्ख्या गल्लीला ठाऊक असणार! चार मुलांना ठाऊक, खिडकीतल्या शेजारणींना ठाऊक, फादरला ठाऊक. आणि सगळे मुके. या लोकांत खून माफ होईल, पण सरकारकडे चुगली करणाऱ्याला पाणी कुणी दिलं नसतं. नवऱ्याला वाचवायला त्या बाईने रस्त्यात उभं राहून नवऱ्यालाच शिव्या घातल्या, आणि तोंडातून एकदा निघालेला शब्द त्या घराने दीडशे वर्षं पाळला.

ती बसथांब्यावरून थेट मावशीकडे गेली. मावशी खिडकीपाशी पांघरुणात बसली होती, समोर टाइप केलेली यादी आणि पांढरं पाकीट. नोरीनने कोटही न काढता सगळं सांगितलं. बाप्तिस्मा, हजेरीपट, बटाटे. मावशी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हळूहळू सैल होत गेल्या.

"ल्यूक काकाच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती," ती म्हणाली. "आजी सांगायची, कारखान्यात गेली. तीन बोटांनी तो तिच्या वेण्या घालायचा. बाप कधी पाहिला नाही म्हणे! रोज संध्याकाळी त्याच्याच मांडीवर बसायची ती."

"मग सांगितलं का नाही कुणाला? लढाई संपली, विनी गेली, तो गेला, तरी?"

"काय सांगणार, वेडे? बाप त्रेसष्टला पळाला आणि पोर सहासष्टची? गल्लीबाहेरच्या लोकांनी तिला भाडेकरूची पोर म्हटलं असतं. म्हणून तर तिचं साल मागे ढकललं. आणि ज्या मेलेल्या दोस्ताच्या नावावर बाप जगला, त्याचं नाव परत कसं करायचं?" मावशी खुदकन हसली. "तरीच विनीच्याच थडग्यात त्या भाडेकरूला पुरलं! आम्ही म्हणायचो, केवढं मोठं मन त्या बाईचं."

"म्हणजे बघ मावशी," नोरीन तिच्या गुडघ्याशी बसत म्हणाली, "ल्यूक काकाचं नाव तू दरवर्षी वाचलंस. तू बार्टलीसाठी प्रार्थना केलीसच की. झालं ना समाधान?"

मावशीचं हसू थांबलं.

"तो बिस्किटाचा डबा आण," ती म्हणाली.

डब्यात प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि पुस्तकात चौघडी घातलेला, कडा झिजलेला कागद. आजीची मूळ यादी. मावशीने तो स्वतः उलगडला आणि नोरीनसमोर धरला.  शाईचे डाग, नावं पुढेमागे. आणि मधोमध, एकाखाली एक:

ल्यूक देवानी.
ल्यूक देवानी.

"आजी दोनदा वाचायची," मावशी म्हणाली. "आईही दोनदा वाचायची, आजीने लिहिलंय म्हणून. मला वाटलं, म्हातारीची चूक. मी टाइप करताना एक काढला, नोरीन. मी काढला! एक त्या लढाईत पडलेल्याचा होता आणि एक त्याचा. तिने बापासाठी तेवढी एक ओळ राखली होती, आणि मी ती खोडली. आणि वर मिरवलं, चुका निस्तरल्या म्हणून."

 एकच ओळ तर होती, असं नोरीनला म्हणावंसं वाटलं, पण जन्मभर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसलेल्या बाईला असलं बोलता येत नाही.

"एकाहत्तरपासून," मावशी म्हणाली. "गेल्या नोव्हेंबरपर्यंत धर. किती झाले?"

नोरीनने बोटांवर मोजलं. "त्रेपन्न."

मावशीने पांघरुणाखालून जपमाळ काढली. ती काळी, लाकडी माळ तिच्या हातात इतकी वर्षं फिरलेली, की मणी बियांसारखे गुळगुळीत झाले होते. "मोठे मणी सोड. दहा-दहा मण्यांच्या पाच सरींचे पन्नास. आणि सुरुवातीचे तीन. त्रेपन्न. बघ, देवाने मोजूनच ठेवलेत. चूक माझी आणि हिशेब तयार." आणि तिने पहिला मणी धरला. "ल्यूक देवानी."

ती एकेक मणी सोडत गेली. प्रत्येक मण्याला तेच नाव, घाई न करता, जणू प्रत्येक वर्ष वेगळं उचलून जागेवर ठेवत होती. बाहेर धुकं टेकडीवर चढून आलं होतं, समोरची घरं पुसली गेली होती, आणि फक्त तिचा आवाज खोलीत चालत होता. विसाव्या मण्यापुढे नोरीनला वाटायला लागलं की खोलीत खळीचा वास येतोय. तिने काही विचारलं नाही.

एक्केचाळिसाव्या मण्यावर मावशीची मान कलली. अंगठा मण्यावर तसाच. नोरीन श्वास रोखून बसली; हात लावला तर मोजदाद चुकेल, नाही लावला तर... मावशीने डोळे उघडले.

"कितवा?"

"एक्केचाळीस."

"चाळिसापासून घेते. कमी पडायला नको."

त्रेपन्नावा मणी संपला तेव्हा चहा गार झाला होता. मावशीने टाइप केलेली यादी नोरीनकडे सरकवली. "माझ्याच्याने आता टाइप होत नाही. तू हाताने लिही. आजीच्या कागदावर आहे तस्सं. दोनदा."

"आणि बार्टली? आता लिहू ना त्याचं नाव?"

"लिहायचं नाही, हा शब्द मी आजीला दिलाय. तो राहू दे." मावशीने माळ मांडीवर ठेवली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मेजवानीला उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, थोडं रागाने, थोडं लाजून.

"बार्टली हॅनरॅटी," ती स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली. त्या घराण्यात दीडशे वर्षांत पहिल्यांदा ते नाव प्रेमाने हाक मारल्यासारखं निघालं. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

मग ती नोरीनकडे वळली. "बटाटे आहेत का गं घरात?"

"आहेत," नोरीन म्हणाली आणि पातेलं शोधायला उठली.